बिनपुंगळीची गाडी आणि रेश्मा

११ सप्टेंबर

सौंदर्याच्या बाबांचा पाय मोडला. घाटावर म्हशीला धुताना शेवाळावरून घसरले. म्हैस घसरली नाही. ती चारी पायांवर नीट उभी राहून यांच्याकडे बघत होती, असं बघणारे सांगतात. दवाखान्यात मी म्हटलं, "दोनच पाय दिल्यात देवानं, तेवढं तरी सांभाळायचं हुतं." शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. त्याच्या पोटाला टाके होते, त्यामुळे मग तो रडला.

प्लास्टर मांडीपर्यंत आहे. दिवाळी होईपर्यंत पाय टेकायचा नाही म्हणाले.

आमची एकच खोली, वर पत्रा. निम्म्या खोलीत आता खाट आणि खाटेवर आमचे मालक, सौंदर्याचे बाबा. स्वतःशी पुटपुटलं तरी त्यांना ऐकू जातं आणि "काय म्हणालीस?" सुरू होतं. म्हणून पेंडीच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी काढली. दहावीपर्यंत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. डायरीच्या प्रत्येक पानावर म्हशीचं चित्र छापलंय. आमच्या नशिबात जिकडं तिकडं म्हैसच.

१३ सप्टेंबर

आमचं घर रेश्मावर चालतं. रेश्मा म्हणजे म्हैस. हे नाव मालकांनी ठेवलं. कुणावरून ठेवलं हे मी किती वर्षं विचारतेय, "असंच" म्हणतात.

संध्याकाळी तिला पेठेतल्या कट्ट्यावर न्यायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाचा पेला हातात द्यायचा, हा आमचा धंदा. कोल्हापुरात पैलवानापासून पेन्शनरापर्यंत सगळ्यांना दूध असं लागतं. पिशवीतलं दूध त्यांच्या लेखी पांढरं पाणी. कट्ट्यावर म्हैस पोचली नाही तर तेच दूध चहाच्या गाड्यावर पडेल त्या भावात द्यावं लागतं, आणि त्यात रेश्माची पेंडसुद्धा निघत नाही.

अडचण अशी की रेश्मा दाव्यानं चालत नाही. दावं ओढलं की खाली बसते. दिवाळी पाडव्याला पेठेत म्हशी पळवतात ना, त्यासाठी मालकांनी तिला रेडकू असल्यापासून गाडीच्या मागं यायला शिकवलंय. सायलेन्सरची पुंगळी काढलेली ती आमची खटारा मोटरसायकल. फाड फाड आवाज झाला की ही मागून निघाली. नदीला तशीच, कट्ट्याला तशीच. ज्याची म्हैस गाडीला चिकटून पळते त्याच्या मिशा वर्षभर वर असतात. मालकांच्या मिशा वर राहाव्यात म्हणून एवढा उद्योग, आणि आता गाडी चालवणार कोण?

आज मी दावं ओढलं. ती नळासमोर बसली. गल्लीतल्या बायकांना पाणी भरता येईना. मला जे ऐकावं लागलं ते डायरीतसुद्धा लिहवत नाही.

१५ सप्टेंबर

सौंदर्यानं डोकं चालवलं. कॉलेजनंतर ती झेरॉक्सच्या दुकानात बसते, त्यामुळे तिला सगळं कळतं असं तिला वाटतं. कोपऱ्यावरच्या आकाराम मेकॅनिकला रोज संध्याकाळी गॅरेज सोडता येत नाही, पण त्यानं गाडी चालू करून दिली, हिनं मोबाईलवर आवाज घेतला आणि तरुण मंडळाच्या स्पीकरवर लावला. रेश्मानं स्पीकर हुंगला आणि मग चाटला. स्पीकर बंद पडला. मंडळाच्या पोरांना अजून सांगितलेलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून एक परका मोटरसायकलवाला गेला. त्याच्याही गाडीला पुंगळी नव्हती. रेश्मा उठली ती थेट त्याच्या मागं. त्यानं आरशात बघितलं आणि गाडी पळवली. जेवढा तो पळवेल तेवढा आवाज मोठा, आणि जेवढा आवाज मोठा तेवढी ही जोरात. मागून मी ओरडतेय, "ओ पावणं, गाडी बंद करा!" त्याला काय ऐकू जाणार! रंकाळ्यापाशी तो गाडी टाकून चहाच्या दुकानात शिरला. गाडी बंद पडली तशी रेश्मा शांत उभी राहिली आणि त्याचं हेल्मेट चाटत बसली.

पोरगा जयसिंगपूरचा. नवा पांढरा शर्ट घालून मुलगी बघायला निघाला होता. म्हणाला, "मावशी, म्या हिचं काय वाईट केलंतं?" मी तिथंच धार काढून त्याला दूध पाजलं. आजची भवानी तेवढीच. जाताना त्यानं गाडी न चालू करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. शहाणा आहे, लग्न जमेल त्याचं.

१८ सप्टेंबर

गडमुडशिंगीहून आण्णा आले. मालकांचे थोरले भाऊ. त्यांचा गोठा मोठा आहे. खाटेच्या कडेला बसून त्यांनी आधी प्लास्टरवर बोटानं टकटक केली आणि मग मुद्द्यावर आले.

"भरमा, म्हैस माझ्याकडं बांधतो. हितं ती बी उपाशी, तुमी बी उपाशी."

"आनी आमी काय करायचं?" मी विचारलं.

"दोन घरची भांडी करतीसच की. आनी दोन घरं धर."

मालकांनी भिंतीकडं तोंड केलं. नाक ओढत राहिले. विचारलं तर म्हणे सर्दी झालीय. या माणसाला बरोबर नको तेव्हा सर्दी होते.

मग मीच म्हटलं, "रेश्मा कुटं जायाची न्हाय. पाडव्याला मी पळवतो तिला." हे वाक्य माझ्याच तोंडातून निघालं हे मला जरा उशिरा कळलं.

आण्णा हसले. "बरं. पाडव्याला पेठेत समद्यांच्या म्होरं म्हैस तुझ्या मागं आली तर तुझी. न्हाय आली तर मी टेम्पो घिऊनच येतो. बोल, हाय कबूल?"

"व्हय, हाय की!"

आण्णा गेल्यावर मी पोटभर पाणी प्याले. एकदा गेलेली म्हैस परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि ती गेली की मालक त्या खाटेवरून उठायचे नाहीत, पाय बरा झाला तरी.

२१ सप्टेंबर

गाडी शिकायला सुरुवात. आकारामभाऊ म्हणाला, "वैनी, सायकल येती का?" मी म्हटलं, शाळेत असताना येत होती. तो म्हणाला, "मग निम्मं झालं." उरलेलं निम्मं म्हणजे क्लच.

साडीची पंचाईत होती. शेजारच्या चिमणाबाईनं सांगितलं, "खाली पोरीची ट्रॅक पँट घाल, वर लुगडं नेस. कोन बघतंय?" सगळी गल्ली बघत होती.

क्लच हळू सोडायचा असतो. मी सोडला तो एकदम. गाडी चिमणाबाईच्याच भाजीच्या पाट्यांत गेली. मी कोथिंबिरीत, गाडी दोडक्यांत. चिमणाबाईनं मला उठवलं, अंगावरची कोथिंबीर झटकली आणि म्हणाली, "जाऊ दे गं, सुकलीच हुती." सकाळीच तर "ताजी, ताजी" म्हणून कानाशी ओरडत होती. किती खोटं बोलावं माणसानं! ती सगळी चिरडलेली भाजी वर आमच्याच दारात आणून टाकली, रेश्मापुढं. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात.

२७ सप्टेंबर

जमलं! फक्त पहिला गियर. पण पहिल्यावर गाडी चालते आणि रेश्मा मागून येते. घर ते कट्टा पहिल्या गियरवर. वाटेत सायकलवाले पुढं जातात, जाऊ देत.

वाटभर मी तिच्याशी बोलत असते. म्हणजे तिला शिव्या घालत असते. घरात मालक आजारी, त्यांना काही बोलता येत नाही, सौंदर्याला बोललं तर ती कानात वायर घालते. म्हशीला बोललेलं बरं. "चल गं भवाने, चल. तुला काय, पेंड आयती. बापानं पाय मोडून घेतला, आईनं क्लच धरला, आनी तू शेपटी हलवत ये." असं सगळं. ती कान टवकारून ऐकते. घरात एवढं कुणी ऐकत नाही.

कट्ट्यावर पुरुषमंडळी आधी लांबच थांबली. बाई गाडीवर, मागं म्हैस, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी धार काढायला बसले. पहिला पेला कुणी घेतला, तर चिमणाबाईनं! भाजी विकून परत निघाली होती म्हणे. हिची वाट ही नव्हेच. आणि दुधानं पोट फुगतं म्हणून आयुष्यभर कोरा चहा पिणारी बाई. गटागटा प्याली, दुधाची मिशी पुसली आणि मोठ्यानं म्हणाली, "असलं दूध उभ्या पेठंत न्हाय." मग बाकीचे पुढं आले. म्हातारपणी जिभेचे चोचले वाढतात हे खरं.

१ ऑक्टोबर

चिमणाबाई रोज दूध पिते आणि रोज रात्री पोट धरून बसते. मी सांगून दमले. "डाक्टरनं सांगितलंय," म्हणते. कोणता डॉक्टर, तर नाव आठवत नाही.

आकारामचंही तसंच. बाटलीतून पेट्रोल आणून आमच्या गाडीत ओततो. म्हणे, "गिऱ्हाइकांच्या टाकीतला गाळ हाय, टाकूनच द्यायचा हुता." गाळाचं पेट्रोल घालून आमची गाडी बिघडवायचा विचार दिसतो. मालकांना म्हटलं, मेकॅनिक बदलायला पाहिजे. मालक भिंतीकडं वळून नाक ओढायला लागले. पुन्हा सर्दी.

४ ऑक्टोबर

आज चौकात ट्रॅफिक पोलिसानं अडवलं.

"बाई, सायलेन्सरची पुंगळी कुठं आहे?"

"म्हशीला आवडत न्हाय."

"लायसन?"

"घरात पाय मोडून पडलंय."

त्यानं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "आधी गाडी बंद करा." मी त्याला समजावलं की बंद केली तर वाईट होईल. तो ऐकेना. मी बंद केली. रेश्मा चौकाच्या बरोबर मधोमध बसली. एका बाजूला एसटी, दुसऱ्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर, मागं रिक्षा. सगळे हॉर्न वाजवायला लागले. रेश्मा रवंथ करत होती. पोलिसानं तिला आधी शिट्टी मारली, मग ढकललं, मग "आई, ऊठ की" असंही म्हणून बघितलं. शेवटी माझ्याकडं येऊन हात जोडले, "ताई, चालू करा गाडी. आणि शिकाऊ तरी लायसन काढा."

ते सौंदर्यानं काढून दिलं. फोटोत मी पळून निघाल्यासारखी दिसते.

९ ऑक्टोबर

दोन दिवस पाऊस. पत्रा तीन ठिकाणी गळतो. खाट हलवायची तर मालकांसकट हलवावी लागते. पावसात कट्ट्यावर गिऱ्हाईक नाही. भांड्यांच्या एका घरची माणसं गावाला गेलीत. पीठ संपलं. होतं ते उसाचं वाडं रेश्माला घातलं, आणि आम्ही तिघं मीठ टाकून तांदळाची पेज प्यालो. आधी रेश्मा, मग आम्ही, हा आमच्या घरचा नियमच आहे.

मालक म्हणाले, "दे आण्णाला. मी हरलो."

मला राग आला. "पाय तुमचा मोडलाय, माझा न्हाय," मी म्हटलं. ते म्हणाले, "तू पडलीस तर? पोरीचं काय?"

मलाही भीती वाटते. हे मी कुणाला सांगत नाही, इथं लिहिते. गाडीवर बसायच्या आधी देवाचं नाव घेते. रोज घेते.

थोड्या वेळानं मालक म्हणाले, "पयल्या गियरवर म्हैस पळत न्हाय, चालती. दुसरा टाकायला शिक." मग त्यांनी खाटेवरच शिकवणी घेतली. प्लास्टरचा पाय म्हणजे गाडी, माझ्या हातातलं लाटणं म्हणजे हँडल. मी मागं बसून क्लच दाबतेय आणि ते ओरडतायत, "सोड, सोड, हळू सोड!" चिमणाबाई पिठाचं भांडं घेऊन दारात आली होती. आम्हाला तसं बघून भांडं उंबऱ्यावर ठेवून पळून गेली. "जास्तीचं दळलंय" असं बाहेरून ओरडली. एकट्या बाईला एवढं दळायला कशाला लागतं कोण जाणे.

१७ ऑक्टोबर

दुसरा गियर आला. तिसराही एकदा पडला, पण तो चुकून.

कट्ट्यावरच्या पेन्शनर काकांनी रेश्मासाठी कवड्यांची माळ दिली. "घरात पडून हुती," म्हणाले. माळेला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. म्हातारं माणूस, इतकी वर्षं काढायची विसरलं असेल.

शिंगं सौंदर्यानं रंगवली. एक हिरवं, एक गुलाबी, कारण हिरवा रंग संपला. आण्णांचा फोन आला होता. टेम्पोत वाडं अंथरून ठेवलंय म्हणाले.

२३ ऑक्टोबर

काल पाडवा झाला. काल लिहिणं शक्यच नव्हतं.

पेठेत मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. म्हशीच म्हशी, मोरपिसं, घुंगरं, आणि सगळ्या गाड्या बिनपुंगळीच्या. कोपऱ्यावर आण्णांचा टेम्पो, फळी खाली सोडलेली. मालक खुर्चीवर, प्लास्टर समोरच्या स्टुलावर.

माझी पाळी आली. मी पदर खोचला, गाडी चालू केली, पुढं जाऊन वळून बघितलं. रेश्मा जागची हलली नव्हती. ती एकदा या गाडीकडं बघायची, एकदा त्या गाडीकडं. सगळीकडून तोच फाड फाड. आपली कोणती हे तिला कळेना. कुणीतरी हसलं. आण्णा टेम्पोकडं निघाले. मालकांनी मान खाली घातली.

ते बघून माझं डोकं फिरलं. सगळ्या पेठेसमोर मी रोजच्यासारखी सुरू झाले. "अगं ए भवाने! बघत काय बसलीयास? माझी हाडं मोडली तुझ्यापायी, कोथमिरीत लोळलो मी, पोलिसाचं हात जोडून घेतलं, आनी आता रुसून बसतीयास व्हय? चल म्हनतो न्हवं!"

रेश्माचे कान उभे राहिले. आणि ती आली! चालत नाही, पळत. गर्दी दुभंगली. मी दुसरा टाकला. ती मागंच. तिसरा टाकला, या वेळी मुद्दाम. थांबायची खूण मागं गेली, पण ब्रेक दाबावा तर शिंगं पाठीत घुसतील, म्हणून मी दाबलाच नाही. पेठ संपली, चौक गेला. त्या चौकातल्या पोलिसानं मला बघितलं आणि स्वतःहून बाकीची वाहनं थांबवली.

नदीच्या पुलाजवळ पेट्रोल संपलं. गाडी आपोआप थांबली. रेश्माही थांबली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून धापा टाकू लागली. मी तिथंच रस्त्याकडेला बसून रडले. भीतीनं म्हणावं तर भीती केव्हाच गेली होती. खरं सांगायचं तर एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मालकांनी हे वाचलं तरी चालेल.

मग टेम्पो आला. पुढं आण्णा आणि मालक, मालकांचं प्लास्टर खिडकीतून बाहेर. मागं वाड्यावर बसलेले सौंदर्या, आकाराम आणि चिमणाबाई. या दोघांना कुणी बोलावलं होतं देव जाणे. जिथं तिथं मधे मधे असतात.

आण्णा उतरले. टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हैस तुझी," म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "चढीव टेम्पोत, घरला सोडतो."

रेश्मा टेम्पोसमोर खाली बसली. आण्णांनी दावं ओढलं, आकारामनं मागून रेटलं, ती हलली नाही. शेवटी टेम्पोत गाडी चढवली. मी पुढं चालायला लागले. दावं नाही, काही नाही. "चल," म्हटलं. ती उठून मागून आली.

अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की गाडी तर टेम्पोत आहे. आवाज नाही, काही नाही, आणि ही बया चाललीय मागून! म्हणजे क्लच, कोथिंबीर, पोलीस, रोजची भीती, सगळं फुकट? भूक लागली असेल तिला, म्हणून आली असेल.

टेम्पो आमच्या मागून हळूहळू येत होता. मालकांच्याही ते ध्यानात आलं. खिडकीतून ओरडले, "अगं, ही गाडीबिगर येती की! मग आता गाडी इकून टाकूया का?"

मी भर रस्त्यात थांबले. रेश्मा थांबली, टेम्पो थांबला.

"इकून तर बघा," मी म्हटलं. "माझा चौथा गियर ऱ्हायलाय अजून."